कान गेले, लेथ आला

१४ नोव्हेंबर १९४३, रविवार

लेथचा शाफ्ट आला! अकोल्याच्या एका बंद जिनिंग कारखान्याच्या भंगारातला. अडीच फूट लांब, दोन इंच जाड, कुठे गंजाचा ठिपका नाही. गाडीत मांडीवर आडवा घेऊन बसलो होतो. समोरची बाई एकदा त्याच्याकडे पाही, एकदा माझ्याकडे.

बडनेऱ्याला उतरलो तर पोलीस आडवा आला. काहीतरी विचारलं त्याने. मी नेहमीसारखा हसून ‘हो’ म्हणालो. त्याचे डोळे एवढाले झाले! बरोबर सहदेव फिटर होता, तो मध्ये पडला म्हणून सुटलो. स्टेशनाबाहेर आल्यावर तो म्हणतो, ‘‘मास्तर, थो इचारून राह्यला होता, बंदुकीची नळी हाये का म्हनून. अन् तुमी हो काहून म्हनलं?’’

‘‘गंमत केली,’’ मी म्हटलं.

गंमत कसली! ऐकूच आलं नाही. डावा कान तीन वर्षांपूर्वी गेला, उजवाही त्याच वाटेवर आहे. हे कोणालाच माहीत नाही. माझ्या बायकोला, गोदावरीलाही नाही. आज या वहीत पहिल्यांदा लिहिलं. लिहून जरा बरं वाटलं.

१६ नोव्हेंबर

शाळेत कसा निभावतो ते एकदा लिहूनच काढतो. मुलांना उत्तरं तोंडी विचारत नाही, फळ्यावर लिहायला लावतो. ‘गणित बोलायचं नसतं, मांडायचं असतं!’ असं वरून दरडावतो. पोरांना वाटतं मास्तर शिस्तीचे. शिक्षकांच्या बैठकीत सगळे माना हलवतात तेव्हा हलवतो. ओठ पाहून बरंच कळतं. पण हेडमास्तर मोरोपंतांच्या मिशा! त्यांच्या मिशांखालून शब्द बाहेर पडला की नाही तेच दिसत नाही.

एक दिवस हे उघडं पडणार. बहिरा मास्तर कोण ठेवील? एक्केचाळिसाव्या वर्षी नोकरी गेली तर हातात दुसरं काही हवं. म्हणून लेथ, धातू कातायचं यंत्र. युद्धापायी विलायतेहून सुटा भाग येत नाही, सगळ्या जिनिंगा शाफ्टभोवती बसणाऱ्या बुशांसाठी रडतायत, आणि लेथ विकत घ्यायचा म्हटलं तर दुकानदार सांगतो, लढाई संपल्यावर या. मग घरीच करणार! तीस वर्षं पुस्तकातली यंत्रं पाहिली, अठरा वर्षं ती फळ्यावर काढली. एक तरी हाताने करून पाहू.

गाय विकल्यापासून गोठा रिकामाच आहे. तेच वर्कशॉप.

१७ नोव्हेंबर

आज बाबांनी पुन्हा वेदाची संहिता पाठ करायचा विषय काढला. हे विसाव्या वर्षापासून चालू आहे. मी भिक्षुकी सोडून कॉलेजात गेलो तेव्हापासून. सकाळी संध्येला बसण्याआधी माझ्यासमोर येऊन उभे राहिले. ‘‘शाळा सोड. अजून वेळ गेली नाही. रोज दहा ऋचा पाठ केल्यास तरी तीन वर्षांत संहिता तयार होईल.’’

बाबांचं मात्र सगळं ऐकू येतं मला. पन्नास वर्षं मंत्र म्हटलेला गळा आहे, गल्लीच्या टोकाला पोचतो. मी म्हटलं, ‘‘बाबा, आता या वयात?’’ तर उत्तर न देता वळले आणि निघून गेले. हा त्यांचा स्वभावच. सांगतात, ऐकून घेत नाहीत. सकाळी पूजेत मौन, दुपारी जपात मौन, संध्याकाळी मारुतीच्या देवळात. गल्लीतले बाबांबद्दल म्हणतात, वामनरावांना एखादी गोष्ट विचारायची म्हणजे मुहूर्त काढावा लागतो.

संहिता म्हणे! चाळिशीच्या घोड्याला.

२१ नोव्हेंबर, रविवार

सहदेव आला. नांदगाव खंडेश्वरकडचा शेतकऱ्याचा मुलगा, बडनेरा रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये पंधरा वर्षं फिटर आहे. दोन वर्षांपूर्वी शाळेचा पंप दुरुस्त करायला आला होता, तेव्हापासूनची ओळख. माणूस शेताच्या या धुऱ्यावरून त्या धुऱ्यावर ओरडावं तसा बोलतो. माझ्या मैत्रीचं अर्धं कारण तेच. त्याच्याजवळ मला ‘काय, काय’ करावं लागत नाही.

गर्डरचे दोन तुकडे बंडीत घालून आणले त्याने. चार-चार फुटांचे. हा लेथचा पाट. यावर सगळं बसणार, म्हणजे हा आरपार सपाट हवा. कडबा कापायच्या मोडक्या यंत्राचं जड चाकही आणलं. ते खाली फिरणार, पायाने पावटी मारायची, वर पट्ट्याने शाफ्ट फिरणार.

‘‘हे होईल का रे?’’ मी विचारलं.

‘‘होईल जी. पन घाई नोका करू. मास्तर लोकायले घाई लय असते.’’

२५ नोव्हेंबर

कानस, कानस, कानस. खांदा हलत नाही. शाळेत खडू धरवेना.

२७ नोव्हेंबर, शनिवार

घोटाळा झाला.

पाट सपाट करायची रीत अशी. जाड काचेला तेलात कालवलेला लाल रंग चोळायचा, काच पाटावर फिरवायची. जिथे उंचवटा तिथे लाल ठिपका उठतो. ठिपका खरवडायचा. पुन्हा काच, पुन्हा ठिपके. सगळीकडे सारखे बारीक ठिपके उठले की पाट सपाट. काच म्हणून गोदावरीच्या माहेरचा आरसा घेतला. (ती गेले चार दिवस ताटात तोंड पाहून कुंकू लावते आणि ताट माझ्यासमोर आपटते.) आणि लाल रंग म्हणजे दुसरं काय, शेंदूरच! रसायनाच्या पुस्तकात मिस्त्रींचा लाल रंग आणि शेंदूर एकच. देवघराच्या कपाटात बाबांचा डबा होता. मी दारात उभं राहून विचारलं, ‘‘बाबा, थोडा शेंदूर घेऊ?’’ ते जपाला बसलेले. त्यांनी हात हलवला. मी घेतला.

आज शनिवार. मारुतीला चोळा चढवायला बाबा डबा काढतात तर तळ दिसतोय! गोठ्याच्या दारात येऊन उभे राहिले. गर्डरवर लाल ठिपके, माझे हात लाल, आरसा लाल.

‘‘विचारायचं तरी होतं!’’

‘‘विचारलं होतं की बाबा! तुम्ही हात हलवलात.’’

 बराच वेळ पाटाकडे पाहत राहिले, मग गेले. मी धावत जाऊन बाजारातून शेंदूर आणून दिला. मारुतीचं काम दुपारपर्यंत खोळंबलं. भटाच्या घरात गर्डरला शेंदूर आणि मारुती कोरडा. गल्लीत चर्चा झालीच असणार. मला ऐकू येत नाही ते एक बरं.

२९ नोव्हेंबर

विचार करतोय. ते हात हलवणं ‘घे’ म्हणून नव्हतं, ‘जा’ म्हणून होतं. रागावले आहेत. लोखंडाचं काम आवडत नाही त्यांना, पण तसं तोंडाने म्हणतही नाहीत. रोज ओसरीत गोठ्याकडे तोंड करून बसतात आणि पाहतात. नुसते पाहतात!

५ डिसेंबर, रविवार

पाट झाला! सहदेवने सिगारेटचा कागद घेतला, पट्टी पाटावर ठेवली आणि खाली कागद घालून पाहिला. कुठेच शिरेना. फक्त एका जागी शिरला. ‘‘अथी जरासक.’’ तेवढं खरवडलं. संपलं. आरसा धुऊन गोदावरीला परत केला. तिने घेतला, उलटसुलट पाहिला आणि पहिल्यांदा हसली.

१२ डिसेंबर, रविवार

उजवा हात पोळलाय, डाव्या हाताने कसंबसं लिहितोय. अक्षर लागलं तर लागलं.

आज शाफ्टचे बेअरिंग ओतायचे होते. शिसं आणि कथील वितळवून शाफ्टभोवती ओतायचं, गार झालं की शाफ्टच्याच मापाचं घर तयार. रस गळू नये म्हणून दोन्ही बाजू मातीने लिंपायच्या. सहदेवला जिनिंगने रविवारीही बोलावलं होतं. तो म्हणाला होता, थांबा. मी थांबलो नाही. परसातलीच काळी माती घेतली, लिंपली, तीन दिवस उन्हात ठेवली होती. वरून खडखडीत!

रस ओतायला लागलो. अर्धा ओतला आणि फाट्कन सगळं वर उडालं. तो आवाज मात्र आला मला! मनगटापासून कोपरापर्यंत थेंब. धोतराला सात भोकं. चष्म्याच्या काचेवर दोन थेंब थिजून बसलेत. चष्मा नसता तर — नको.

मागे वळलो तर गोदावरी दारात, तोंडावर हात. ती केव्हाची ओरडत होती म्हणे. मातीतून वाफ निघताना तिला दिसली होती. तीनदा हाका मारल्या. मी पाठमोरा, ओततच राहिलो.

१३ डिसेंबर

कळलं तिला.

सकाळी हाताला कोरफड लावत होती. लावता लावता थांबली. माझी हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि हळू, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, ‘‘ऐकू येत नाही ना तुम्हाला?’’

 मान हलवली.

‘‘केव्हापासून?’’

तीन बोटं दाखवली.

ती रडायला लागली. मला वाटलं आता सगळं संपलं. तर रडता रडता हसते! म्हणाली, ‘‘मी समजत होते, तुमचं माझ्यावरचं मन उडालं. बोलले तर उत्तर नाही, हाक मारली तर वळून पाहणं नाही. तीन वर्षं झुरतेय मी. बरं झालं बाई, नुसते बहिरेच आहात!’’

नुसते बहिरेच! हे ऐकून मीही हसलो. मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसत बसलो, एका हाताला कोरफड आणि दुसऱ्या हातात चहा. छातीवरचा एक धोंडा उतरला. इतके दिवस मी माझाच विचार करत होतो. तिचं काय होत असेल, हे सुचलंच नाही मला. गाढव!

ठरलं की बाबांना सांगायचं नाही. त्यांना सोसणार नाही. आणि शाळेला तर नाहीच.

१९ डिसेंबर, रविवार

सहदेवने भोकं पडलेलं धोतर पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ‘‘बाप्पा बाप्पा! काळी माती लावली? वरून वाळली दिसते जी, आतून ओलीच रायते थे. इहीर आटते पन काळी माती नाई आटत. वऱ्हाडात जन्मले अन् इतकं नाई माईत?’’

खरंच आहे. जन्मभर चिखल तुडवला त्या मातीचा, पण तिच्यात पाणी किती दिवस राहतं ते पेरणाऱ्याला माहीत, शिकवणाऱ्याला नाही. वाफेचा धडा दर साली सातवीला शिकवतो मी! बंद भांडं, पाणी, उष्णता. सगळा धडा माझ्याच अंगावर उडाला.

आज माती तव्यावर लाल होईस्तोवर भाजून घेतली, मग राखेत कालवून लिंपली, पुन्हा शेगडीने शेकली. गोदावरीचा तवा गेला. ती म्हणते, आरसा दिला, तवा दिला, आता मागाल ते पाटा-वरवंटा. रस ओतला. हूं नाही की चूं नाही. दोन्ही बेअरिंग स्वच्छ उतरले.

२८ डिसेंबर

नाताळच्या सुट्टीत सगळं जोडून झालं. जुन्या शिकंज्याच्या स्क्रूवर कातायचं टूल पुढेमागे होतं. कडब्याचं चाक पावटीला लावलं. अजून फिरवलं नाही. सहदेवशिवाय फिरवायचं नाही, शहाणा झालोय.

२ जानेवारी १९४४, रविवार

आज काय झालं ते नीट लिहितो.

लेथ फिरला. पहिल्या पावटीला चाक अडलं, दुसऱ्याला फिरलं. शाफ्ट फिरायला लागला आणि मी लहान पोरासारखा ‘फिरला रे!’ म्हणून ओरडलो. पाच मिनिटं सुख. मग सहदेवने पुढच्या बेअरिंगवर हात ठेवला आणि पटकन काढला. तापलं होतं.

‘‘कुठंतरी घासून राह्यलं. कान लावा मास्तर, कोनत्या बाजूले हाये पाहा. मी पावटी मारतो.’’

मी कान लावला. काही नाही. पुन्हा लावला. काही नाही. तो म्हणतो, येते का आवाज? मी म्हटलं, येतो. कोणत्या बाजूने? मी अंदाजाने म्हटलं, वरून. तो खरवडायला लागणार, एवढ्यात मला वाटलं, पुरे झालं हे! चुकीच्या जागी खरवडलं तर महिन्याभराचं काम जाईल. एका खोट्या ‘हो’साठी! सांगून टाकलं. ‘‘सहदेव, मला ऐकू येत नाही. बहिरा झालोय मी. लेथचं काम मला जमणार नाही बहुतेक.’’

तो पाहतच राहिला. मग इतका हसला की त्याला बसावं लागलं.

‘‘अजी, आमच्या जिनिंगात या एकडाव! जो दहा वर्सं टिकला थो बयरा झालाच समजा. मी तरी इतका बोंबलून काहून बोलतो? मलेच मावालं बोलनं आयकू येत नाई!’’

त्याने स्क्रू पिळायचा लांब पेचकस घेतला. त्याचं टोक बेअरिंगवर टेकवलं आणि लाकडी मूठ माझ्यापुढे केली. ‘‘दातात धरा. घट्ट.’’

धरली. त्याने पावटी मारली.

आला! आवाज आला! डोक्याच्या आत, मधोमध. घरघर घरघर सलग, आणि दर फेऱ्याला एकदा ‘खर्र’. जरा डावीकडे, खालच्या अंगाला. तीन वर्षांत इतकं स्वच्छ मी काही ऐकलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पेचकस सोडवेना. सहदेव तोंड फिरवून विडी पेटवत बसला. विडी पेटल्यावर म्हणाला, ‘‘मिस्त्री लोक असंच आयकतात जी. कानाचा भरवसा कोन करते?’’

खालच्या अंगाला खरवडलं. ‘खर्र’ गेलं. बेअरिंग थंड!

३ जानेवारी

पेचकस दातात धरून घरभर फिरतोय. भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. जातं ऐकलं. पाण्याचा हंडा भरताना ऐकला. बाबा ओसरीतून माझ्याकडे टक लावून पाहत होते. त्यांना वाटलं असेल, मुलगा कामातून गेला.

१४ जानेवारी, संक्रांत

लोक येतात, तिळगूळ देतात, गोड बोला म्हणतात. मी सगळ्यांना गोड हसतो. आजचा दिवस बहिऱ्याला सोपा.

दुपारी गोदावरीला म्हटलं, तुझा आवाज ऐकायचाय. ‘‘तो लोखंडाचा पेचकस माझ्या तोंडाला लावायचा नाही!’’ म्हणाली. मग शाळेची लाकडी पट्टी काढली. एक टोक माझ्या दातात, दुसरं तिच्या हनुवटीला. मी खूण केली, बोल. तिला काही सुचेना. लाजली. इकडे तिकडे पाहिलं. शेवटी म्हणाली, ‘‘मीठ संपलंय.’’

तिचा आवाज! जरा जाडसर, शेवटी किंचित वर जाणारा. अगदी तोच. मी विसरलो होतो, असं पट्टी दातात असताना कळलं. पुन्हा म्हण, म्हटलं. तिने पुन्हा म्हटलं. मीठ संपलंय. लगेच उठून मीठ आणायला गेलो, दुसरं काय करणार?

२५ जानेवारी, मंगळवार

इन्स्पेक्टर आले. झालं एकदाचं.

सातवीत त्रैराशिक चालू होतं. मी फळ्याकडे तोंड करून लिहीत होतो. साहेब मागच्या दाराने येऊन शेवटच्या बाकामागे उभे राहिले होते. तिथून त्यांनी काहीतरी विचारलं, आणि पुन्हा विचारलं. मी लिहितोच आहे! वळून पाहिलं तर चाळीस डोकी मागे वळलेली, आणि सगळ्यांच्या पलीकडे साहेबांचे ओठ हलतायत. तोंडात पान. एक अक्षर लागेना.

पूर्वीचा असतो तर हसून ‘हो’ म्हणालो असतो. जिभेवर आलंच होतं. पण खोट्या ‘हो’चा कंटाळा आला होता. खडू ठेवला. म्हटलं, ‘‘साहेब, मला ऐकू येत नाही. कृपा करून समोर येऊन बोला.’’

वर्गात शांतता पसरली का, ते मला कळायला मार्ग नाही. पण एकही पोर हसलं नाही. साहेब पुढे आले, पान थुंकून आले, आणि प्रश्न विचारला. मी उत्तर दिलं. त्यांनी वहीत लिहून घेतलं आणि गेले.

बाहेर आलो तेव्हा भूक लागली होती. सपाटून भूक! तीन डबे खाल्ले असते.

२६ जानेवारी

हेडमास्तरांनी बोलावलं. मोरोपंत आपल्या मिशांची कीर्ती जाणून असावेत, बोललेच नाहीत. कागद पुढे ओढून लिहिलं — ‘साहेबांनी सिव्हिल सर्जनचा दाखला मागितला आहे. नियमाप्रमाणे वार्षिक परीक्षेनंतर आपल्याला जावं लागेल. मला वर्षभर शंका होती. पण आपला वर्ग गणितात शाळेत पहिला येतो, म्हणून विचारलं नाही.’

मी त्याच्या खाली लिहिलं — ‘आभारी आहे.’ त्यांनी माझा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

म्हणजे नोकरी गेली. ज्याची तीन वर्षं धास्ती घेतली तेच झालं. आणि घरी येताना मी रस्त्याने शीळ घालत होतो! बरोबर वाजत होती की नाही देव जाणे.

३० जानेवारी, रविवार

पहिलं काम! सहदेवच्या जिनिंगच्या मिस्त्रीने पंपाचा झिजलेला पितळी बुश पाठवला आणि ओतीव पितळेचा गोळा. याच्यासारखा दुसरा करून द्या म्हणून. सहदेव नुसता बाजूला बसून होता, हात लावला नाही. पावटी मारत गेलो, टूल पुढे सरकवत गेलो. पितळेचे पिवळे कीस पायांवर पडत होते. मधूनमधून पेचकस दातात धरून ऐकत होतो. टूल बोथट झालं की आवाज बदलतो, ते कोणी सांगितलं नव्हतं, ऐकून कळलं.

पंपाच्या शाफ्टच्या मापाच्या सळईवर चढवून पाहिला. सरकला, डुगडुगला नाही. सहदेवने फिरवून पाहिला, नखाने कडा तपासल्या, खिशात घातला. ‘‘चालते,’’ म्हणाला. त्याच्या तोंडून एवढंच पुष्कळ. दारातून परत वळून म्हणाला, ‘‘आनखी चार आनून देऊ का?’’

आण म्हटलं!

२ फेब्रुवारी

सिव्हिल सर्जनकडे गेलो. त्यांनी एक लोखंडी चिमटा आपटून कानापाशी धरला. काही नाही. मग त्याचा दांडा कानामागच्या हाडावर टेकवला. खणखणीत ऐकू आला! ते म्हणाले, आतली नस शाबूत आहे, मधलं बारीक हाड आखडलं आहे. औषध नाही. पण पुरतं कधी जाणार नाही, हाडातून ऐकू येत राहील. मी मनात म्हटलं, हे मला पेचकसाने आधीच सांगितलंय.

‘‘हे घराण्यात उतरतं सहसा,’’ ते म्हणाले. ‘‘तुमच्यात कोणाला होतं?’’

‘‘कोणाला नाही,’’ मी म्हटलं. ‘‘आजोबा मी पाहिले नाहीत. वडील एकाहत्तरचे आहेत, ठणठणीत.’’

आता बाबांना सांगायला हवं. नोकरी गेल्याचं आणि कान गेल्याचंही. कसं सांगू? संहिता घेऊन बसतील समोर.

६ फेब्रुवारी, रविवार

सकाळी लेथवर होतो, पेचकस दातात. बाबा आत आले. गोठ्यात पाऊल टाकलं ते पहिल्यांदाच. सोवळ्यात होते. जवळ येऊन हात पुढे केला. पेचकस मागितला. मी पुसायला गेलो तर थांबले नाहीत. माझा उष्टा पेचकस तसाच तोंडात धरला, टोक बेअरिंगवर टेकवलं आणि मला खूण केली, चालव. मी पावटी मारली. डोळे मिटून उभे होते. खूप वेळ.

मग म्हणाले, ‘‘माझे कान जाऊन तीस वर्षं झाली रे. माझ्या वडिलांचेही असेच गेले, चाळिशीत. भिक्षुकाला म्हणता आलं की भागतं, ऐकावं लागत नाही. मौन धरलं की कोणी विचारत नाही. म्हणून संहितेसाठी तुझ्या मागे लागलो होतो. शाळेत तुझं कसं होणार, याची रोज धास्ती होती मला.’’

आणि पेचकस पुन्हा दातात धरला. मी दुपारपर्यंत पावटी मारत होतो.